प्रजा सुखी आहे

१

मास्तर जेवायला बसले की मी राज्य करायला बसतो. गेली तीन वर्षं हे असंच चाललंय, आणि त्यात राज्य करायची हौस वगैरे काही नाही. मास्तर जेवणाआधी कवळी काढतात, एवढंच कारण आहे. आधी वरची, मग खालची. दोन्ही स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकतात, वाटी माझ्या डब्यापासून हातभर अंतरावर ठेवतात आणि दुधात भिजवलेला पाव हिरड्यांनी चघळत बसतात. त्याचा जो आवाज येतो तो मी इथे लिहिणार नाही.

"मास्तर, आयुष्यभर कवळ्या केल्यात आणि खाताना तुम्हीच काढून ठेवता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"घरी आल्यावर माणूस बूट काढतो की नाही?" ते म्हणाले. "तसंच हे. तोंडालाही जरा मोकळं वाटू दे की."

आमची कवळ्या करायची लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, फोन आणि साच्यांची फडताळं. मागच्या खोलीत प्लास्टर, मेण, हिरड्या करायचा गुलाबी मसाला आणि घासायची मोटर. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचं माप येतं. माप म्हणजे ट्रेमध्ये गोठलेला लगदा, दातांचे खड्डे उमटलेला. त्यावर थुंकीची तार असते, कधी रक्त, एकदा तर चिकटलेलं भाजीचं पान होतं. मी हातमोजे घालून ते तीन पाण्यांनी धुतो, त्यात प्लास्टर ओततो, आणि तासाभराने पांढराशुभ्र, कोरडा साचा हातात येतो. साचा मला आवडतो. त्याला वास नसतो आणि तो जांभई देत नाही. कवळ्या करणाऱ्या माणसाला तोंडाची किळस येते हे ऐकून लोक हसतात. हसताना तोंड उघडतात, तो आणखी एक त्रास.

तर मास्तरांकडे पाठ करून बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, म्हणून मी कॉम्प्युटर भिंतीकडे वळवला आणि त्यात हा खेळ घातला. साम्राज्य उभारायचा खेळ आहे, पण अगदी आरामाचा. लढाई नाही, दुष्काळ नाही, हरणं नाही. माशीएवढी माणसं शेतं करतात, विहिरी खोदतात, घरं बांधतात. माणसावर माउसचा बाण नेऊन ठेवला की ते हातातलं काम थांबवतं, आपल्याकडे वळतं आणि कमरेत वाकून मुजरा करतं. खाली कोपऱ्यात एक ढेरपोट्या मंत्री उभा असतो. अधूनमधून तो सांगतो, "नवी विहीर झाली. प्रजा सुखी आहे." त्याखाली एकच बटण असतं, "ठीक आहे". ते दाबायचं. दुसरं काही उत्तर द्यायची सोयच नाही, आणि मला तेच बरं वाटायचं.

"काय राजे, आज कुठला मुलूख जिंकलात?" मागून बोळक्या तोंडाने मास्तर विचारायचे.

"यात जिंकायचं नसतं, मास्तर."

"मग कसलं डोंबलाचं राज्य!"

नवं शहर वसवलं की खेळ नाव विचारतो. मला नावं सुचत नाहीत. पहिल्या दिवशी मान वर केली तर समोर फडताळ होतं, वरच्या फळीवर एकच साचा आणि त्याच्या बुडाला लिहिलेला आकडा १. मी राजधानीचं नाव "१" ठेवलं. तेव्हापासून ती सवयच पडली. समोर दिसेल त्या पेशंटच्या साच्याचा नंबर टाकायचा. ३१२, ४०५, ३८८. असं माझं अकरा शहरांचं राज्य झालं.

तो पहिला साचा माझ्या बायकोच्या दातांचा आहे. मी नवा होतो, आमचं लग्न ठरलं होतं, आणि मास्तर म्हणाले, "आधी घरच्या माणसाचं माप घे. चुकलं तर शिव्या देईल, पैसे मागणार नाही." ती या खुर्चीवर बसून इतकी हसत होती की दोन मापं वाया गेली. तिच्या तोंडात मी नीट पाहिलं ते तेवढं एकदाच. पण साचा उत्तम आला. अठ्ठावीस दात, एकही किडलेला नाही, वरचा उजवा सुळा जरासा तिरपा. तो साचा मी रोज पुसतो. माझ्यासारख्या माणसाने यापेक्षा जास्त प्रेम काय करायचं?

२

एका मंगळवारी ३१२ या शहराभोवती तट उभा होता. तट बांधायचा हुकूम मी दिलेला नव्हता.

"शहर ३१२ ने तट सुरू केला. प्रजा सुखी आहे," मंत्री म्हणाला. मी "ठीक आहे" दाबलं आणि मग लक्षात आलं की दगडाचा रंग चुकलाय. या खेळात दगड तपकिरी असतो. हा पांढरा होता, जरा पिवळट झाक असलेला. तट म्हणजे तरी काय, एकच मोठा दगड वेशीजवळ उभा केलेला, आणि त्याच्याभोवती माणसं दोरखंड गुंडाळत होती.

मी चित्र मोठं केलं. दगडाच्या माथ्यावर टेकाडं होती आणि मधे खाच. खाली दोन मुळं होती. बाहेरच्या कडेचा एक कोपरा उडालेला होता.

बावीस वर्षं लोकांना दात करून देणाऱ्याला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. खालच्या जबड्याची डावी, पहिली मोठी दाढ. कोपरा उडालेला, म्हणजे माणसाला टणक काहीतरी फोडून खायची सवय. माझ्या तोंडातला घास मी रुमालात काढला. मग स्वतःला समजावलं. चित्र काढणाऱ्याने दगडाऐवजी दाताचा फोटो चिकटवला असेल, टवाळ पोरं असतात, कोण विचारतंय. पाचच मिनिटांत मला ते पटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी ३१२ चा साचा मेण लावायला खाली काढला. त्यात खालची डावी मोठी दाढ नव्हती. तुटलेली नव्हती, तुटली असती तर खडबडीत जागा राहिली असती. तिथे गुळगुळीत कडेचा खड्डा होता. खड्डा ओला होता. आणि त्याला वास येत होता, रात्रभर न धुतलेल्या तोंडाचा, त्यात गंजाचा. कोरड्या प्लास्टरला तो वास येत होता.

"मास्तर, हे बघा."

मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं, खड्ड्यात करंगळी घातली आणि ती शर्टाला पुसली.

"ओल धरली असेल," ते म्हणाले. "फळी बदलायला हवी."

चारला दवाखान्यातून दाताच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "ते ३१२ चं काम थांबवा हं. काल दुपारी जेवताना त्यांची दाढ हातात आली. चांगली घट्ट होती हो. रक्त नाही, दुखणं नाही, नुसती सुटून आली. नवं माप पाठवते."

"खालची डावी का?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, साच्यात ती जरा कमजोर वाटत होती. हे धडधडीत खोटं होतं.

३

आता शहाण्या माणसाने काय करावं? खेळ काढून टाकावा. मी मात्र डोकं चालवलं. योगायोग असेल, असं मला वाटत होतं, आणि योगायोग आहे की नाही हे बघायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ४०५ मध्ये बुरूज बांधायचा हुकूम सोडला. ४०५ च्या माणसाला फक्त पुढचे दात हवे होते. मागच्या दाढा भक्कम होत्या.

त्याच्या पुढच्या दुपारी बुरूज तयार होता. सात दगड, एकावर एक. सगळ्यात वर अक्कलदाढ, मुळं वर करून. ४०५ च्या साच्यात सात ओले खड्डे होते. डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. "साथ आली की काय कळत नाही. तो माणूस रडत होता हो माझ्यासमोर."

मग मी ३८८ मध्ये नदीवर पूल बांधायला सांगितला.

हे मी का केलं ते लिहायलाच हवं. खात्री करून घ्यायला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खात्री तर झालेली होती. खरं म्हणजे त्या नदीवर पांढरा पूल छान दिसला असता, आणि ३८८ च्या बाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. पूल छानच दिसला. चौदा कमानींचा. माणसं त्याच्यावरून ये-जा करत होती, आणि मी बाण नेला की सगळी एका रांगेत वाकत होती. मी तो पूल दहा मिनिटं बघत बसलो. लोकांच्या थुंकीची मला किळस येते म्हणून मी आयुष्यभर नाक मुरडत आलो. त्या दिवशी बेसिनवरच्या आरशात स्वतःचं तोंड बघताना आली तशी किळस मला कुठल्याच मापाची आलेली नाही.

त्यानंतर मी एकही हुकूम दिला नाही. माणसांवर बाणही नेला नाही. नुसतं बसायचं, मंत्री बोलला की "ठीक आहे" दाबायचं.

४

माझी बायको गाणं शिकवते. घरी पुढच्या खोलीत संध्याकाळी सहापर्यंत शिकवणी असते, आणि मी येतो तेव्हा ती दमून स्वयंपाकघरात काहीतरी कुरतडत उभी असते. त्या शुक्रवारी गाजर होतं. एक घास घेऊन ती थांबली आणि गालावर हात ठेवला.

"अरे, ही वरची दाढ हलतेय का बघ ना."

"दवाखान्यात जा की."

"जाईन. पण तू आधी बघ. जगाच्या कवळ्या करतो आणि बायकोने तोंड उघडलं की खिडकीकडे बघतो!" ती हसत होती. "आज गाताना आतून हवा गेल्यासारखं झालं. दात गेले तर मी शिकवणार काय, बासरी?"

ती जवळ आली, माझं बोट धरलं आणि मला काही कळायच्या आत ते आपल्या तोंडात घालून दाढेवर टेकवलं. आत गरम होतं, ओलं होतं, गाजराचा चोथा होता. दाढ हलली. नुसती हलली नाही, बोटाखालून थोडी वर सरकली, कुणीतरी पलीकडून ओढल्यासारखी.

मी बोट काढून घेतलं, नळ सोडला आणि साबण लावून हात धुतला. दोनदा धुतला. मागे वळलो तेव्हा ती हसत नव्हती.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "अजून तुला माझीसुद्धा घाण वाटते?"

घाण वाटली होती. आणि तिची काळजीही वाटत होती. दोन्ही एकदमच खरं होतं.

५

शनिवारी मी मास्तरांच्या आधी तासभर लॅबमध्ये गेलो. राजधानीत पाया खणलेला होता आणि पायाजवळ एक पांढरा दगड अर्धा जमिनीतून वर आला होता. वरच्या फळीवरच्या साच्यात एका दाढेभोवती पहिला खड्डा पडू लागला होता.

"राजधानीला मोठा तट हवा. अठ्ठावीस दगड लागतील. काम सुरू आहे," मंत्री म्हणाला. "प्रजा सुखी आहे."

बटण न दाबता मी कॉम्प्युटरची वायरच उपटली. अर्ध्या तासाने परत लावली तेव्हा पडदा उजळला आणि मंत्री तिथेच उभा होता. "आपण नसताना प्रजेने काम थांबवले नाही." मी खेळ पुसून टाकायला गेलो. "आपण प्रजेला सोडून जात आहात. प्रजा आपल्यावाचूनही काम करील," असं आलं आणि खाली तेच एक बटण. ते दाबायची माझी हिंमत झाली नाही. इथे बसलो तर निदान दिसत तरी होतं.

साचा फोडावा, असंही मनात आलं. हातोडी उचलली आणि ठेवून दिली. एक खड्डा पडला तर एक दाढ सुटते, मग साचाच फुटला तर काय होईल?

मग सुचलं की शहराचं नाव बदलता येतं. मी "१" खोडलं. नाव रिकामं ठेवून चालेना. मनाला येईल तो आकडा टाकला, "हे नाव सापडले नाही" असं आलं. फुलांची नावं टाकली, शिव्या टाकल्या, तेच उत्तर. फडताळात साचा असलेलाच नंबर हवा होता. फडताळात तेवीस पेशंट होते, सगळे कुणाचे तरी कुणीतरी.

आणि मी स्वतः होतो. माझा साचा तेवढा नव्हता, पण करायला कितीसा वेळ लागतो? मी लगदा कालवला, ट्रे भरला, खुर्चीवर बसलो आणि तोंड उघडलं. थंड, चिकट गोळा टाळूला लागला, पसरला, घशाकडे सरकला. मला वाटलं, असंख्य लोकांच्या तोंडातून फिरून ते सगळं आता माझ्या तोंडात आलंय. मी ट्रे ओढून काढला आणि बेसिनमध्ये ओकलो. परत कालवला. या वेळी ओठांपर्यंत नेला आणि नुसत्या वासाने ओकलो. तिसऱ्यांदा लगद्याच्या पावडरचा डबा उघडला आणि बंद केला. एका बाजूला माझ्या बायकोचे दात होते, दुसऱ्या बाजूला माझी ओकारी, आणि ओकारी जिंकली.

तोंड पुसत खाली बसलो तेव्हा खालच्या फळीवरचा ७७ नंबर दिसला. मास्तरांचा साचा. स्वतःची कवळी त्यांनी स्वतःच केली होती, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! साच्यात एकही दात नाही. नुसत्या दोन कमानी, गुळगुळीत. मला एकदम हसूच आलं. दातच नाहीत तर दगड आणणार कुठून? कुणाचं काही जाणार नाही, प्रजा हात चोळत बसेल. माझ्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं असं होतं ते.

मी ७७ टाकलं. नाव लगेच घेतलं गेलं. पायाजवळचा पांढरा दगड नाहीसा झाला.

"आज लवकर?" मास्तर दारातून म्हणाले. "राजे, कसला वास येतोय रे, ओकलास की काय?" आणि काही न विचारता त्यांनी बेसिन स्वतःच्या हाताने धुऊन काढलं.

६

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "अरे, हलायची थांबली." तिने दाढेवर टिचकी मारून दाखवली. सोमवारी ती पंख्याखाली बसून मोठ्याने गात होती, सगळे स्वर स्वच्छ. मी तिच्या पाठीमागे उभा राहून ऐकलं. साच्यातला खड्डाही कोरडा पडून भरून आला होता. दोन दिवस मी माझ्या हुशारीवर खूश होतो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मागे पाव चघळण्याचा आवाज सुरू होता आणि मंत्री म्हणाला, "राजधानीत दगड मिळाला नाही. प्रजेने खाण सुरू केली आहे. प्रजा सुखी आहे."

राजधानीतली शेतं गेली होती. त्या जागी गुलाबी, ओलसर जमीन होती, कमानीसारखी वळलेली. जमिनीला भोकं पाडलेली होती, भोकांना शिड्या लावलेल्या होत्या आणि माणसं रांगेने आत जात होती. दुसऱ्या रांगेने वर येत होती ती टोपल्या घेऊन. टोपल्यांतून काहीतरी पिवळसर, भुसभुशीत ठिबकत होतं. हिरडीखाली काय असतं हे मला माहीत आहे. हिरडीखाली जबड्याचं हाड असतं.

मी बाण लांब नेला, तरी त्यातली काही वळून वाकली.

"खालची कवळी सैल झालीय रे," मागून मास्तर म्हणाले. "परवा बरी बसत होती. म्हातारपणी हिरडी झिजतेच म्हणा. आत थोडा मसाला भरून दे मला, तुझा हात हलका आहे."

मी ७७ चा साचा हातात घेतला. खालची कमान खचली होती. तिच्यावर मुंग्यांनी पोखरावी तशी बारीक भोकं होती आणि प्रत्येक भोकात थेंबभर ओल होती. मी साचा पुन्हा फळीवर ठेवला, भिंतीकडे तोंड करून.

नाव बदलणं माझ्या हातात होतं, एक आकडा टाकायचं तेवढं काम होतं. पण कुणाचं टाकायचं? ३१२ चं, जो आधीच एक दाढ देऊन बसला होता? ४०५ चं? की परत "१"? त्या मास्तरांनी मला ट्रे धरायला शिकवला, माझी पहिली पन्नास चुकलेली कामं स्वतःच्या नावावर घेतली, आईच्या आजारपणात माझं काम महिनाभर ओढलं. हे सगळं मला आठवत होतं. मी पावडरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तो टेबलावरच राहिला.

मी कवळीत मसाला भरून दिला. बुधवारी ती पुन्हा सैल झाली. परत भरून दिला.

७

गुरुवारी मास्तर आले नाहीत. शुक्रवारी आले ते तोंडाला मफलर गुंडाळून. हवा तर चांगली गरम होती. ते बोलले नाहीत, नुसता हात वर केला आणि मागच्या खोलीत गेले. मोटर सुरू झाली नाही. मी डबा उघडला, लगदा कालवला, ट्रे भरला. ट्रे ओठांना लागला आणि मी डोळे मिटले. आता ढकलायचा, मी स्वतःला म्हणालो, तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे, मग प्लास्टर, मग नंबर. ढकल.

लगदा ट्रेमध्येच गोठला. ट्रे माझ्या हातात होता, तोंडाबाहेर.

"राजे."

मास्तर खोलीच्या दारात उभे होते. आवाज त्यांचाच होता, पण शब्दांना कडा राहिल्या नव्हत्या, पिठात कालवल्यासारखे येत होते. ते माझ्या समोरच्या स्टुलावर बसले.

"दवाखान्यात गेलो होतो. बाईंनी एक्स-रे फोटो काढला. म्हणाल्या, फोटो नीट आला नाही, परत काढू. तीनदा काढला. फोटोत खाली काही येतच नाही म्हणे." ते थांबून थुंकी गिळत होते. "दुखत नाही बघ. नुसतं हुळहुळतं. आत काहीतरी चालल्यासारखं वाटतं. तू बघ जरा, तुझी नजर चांगली आहे. नाही म्हणू नकोस. मला माहितेय तुला किळस येते."

त्यांनी मफलर सोडला.

हनुवटी नव्हती. कातडी होती, ओठ होता, दोन दिवसांची पांढरी दाढी होती, आणि ते सगळं गळ्यावर लोंबत होतं, रिकाम्या पिशवीसारखं. मी पुढे वाकलो. मास्तरांनी बोटाने खालचा ओठ ओढून धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्यावर विश्वास होता. आतून तो वास आला, तोंडाचा आणि गंजाचा. गुलाबी जमिनीवर एक भोक होतं आणि त्यातून माशीएवढं काहीतरी वर आलं. ते थांबलं. माझ्याकडे वळलं. कमरेत वाकलं, आणि परत आत गेलं.

"दिसलं काही?" मास्तरांनी विचारलं.

माझ्या हातात गोठलेला ट्रे होता. कॉम्प्युटर मागे चालू होता. घरी या वेळी पहिली शिकवणी बसलेली असते आणि ती सूर लावून देत असते.

"काही नाही, मास्तर," मी म्हणालो. "ठीक आहे."

त्यांनी ओठ सोडला आणि मान हलवली. मग खाण्याचा डबा ओढून पाव दुधात कुस्करायला घेतला. एक वाजला होता. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो.